ट्रॅक्टरच्या गळ्यातला हार

आरे कॉलनीतल्या बसस्टॉपवर माझ्यामागे एक मावशी आणि ग्रीसने माखलेला मेकॅनिक उभे होते.

"नितेश, नर्सरीतला गवत कापायचा ट्रॅक्टर चालला का रे शेवटी? साहेब भंगारात काढायला निघालेले."

"चालला ना मावशी. चार दिवस गिअरबॉक्स खोलून बसलेलो. इंजिन झकास चालू, पण गाडी जागची हलेना."

"मग बिघडलं काय होतं?"

"कायच नाही. मागे एक छोटा दांडा असतो. तो ओढला की चाकं इंजिनपासून मोकळी होतात, मग ट्रॅक्टर हाताने ढकलता येतो. दसऱ्याला धुवायला ढकलत नेला, तेव्हा ओढलेला दांडा तसाच राहिला."

"चार दिवसांत दिसला नाही तुला?"

"त्याच्यावरच पूजेचा हार होता! देवाचा हार कसा काढणार?"

"मग काढला कोणी?"

"तबेल्यातली म्हैस आली आणि खाऊन गेली. दांडा दिसला, आत ढकलला, ट्रॅक्टर सुरू."

"म्हणजे म्हशीने दुरुस्त केला! आणि दांड्याला हार घालणारा शहाणा कोण?"

"मावशी, बस आली, चल चढ."

"ही आपली नाही. कोण ते सांग."