गादीवरून गेलेली रेघ

हॉलिस : काकू, पाय जरा वर घ्या. पुढचा खिळा बरोबर तिथेच येतोय.

व्हर्ना : माझ्या पलंगाखाली?

हॉलिस : सरकारी मोजणी आहे, माझ्या हातात काही नाही. दोन राज्यांमधली जुनी रेघ चुकली होती, ती तुमच्या शेडमागून जायची. खरी रेघ इथून जाते, गादीच्या मधोमध. दाराकडची बाजू नेवाडा, खिडकीकडची कॅलिफोर्निया.

व्हर्ना : अगं बाई! म्हणजे एक्केचाळीस वर्षं मी नेवाडात झोपतेय आणि हा...

ओरिन : मी कॅलिफोर्नियात? तिथल्या लोकांना मी साधं पाणी विचारत नाही!

हॉलिस : ते नंतर बघू, काका. आधी खिडकीजवळच्या त्या रायफलीचं बघू.

ओरिन : तिला काय धाड भरलीय?

हॉलिस : सेमी-ऑटोमॅटिक, गोळ्यांचं मॅगझिन काढता येतं, शिवाय पिस्तुलासारखी मूठ. नेवाडात कोणी हूं की चूं करणार नाही. कॅलिफोर्नियात गुन्हा. आणि उद्या दोन्हीकडचे साहेब खुणा तपासायला येणार आहेत, थेट या खोलीत.

ओरिन : बंदूक हलली नाही. मी हललो नाही. घर हललं नाही. तू दोरी घेऊन आलास आणि मी गुन्हेगार!

हॉलिस : मी मोजणीवाला, मी फक्त मोजतो. पण असलीच माझ्याकडेही आहे, म्हणून नियम पाठ आहेत. ही मूठ काढायची आणि माशाच्या परासारखी एक फळी मिळते, ती बसवायची. अंगठा मुठीभोवती वळता कामा नये. नळीच्या टोकाचं ते ज्वाळा लपवणारं टोपणही काढायचं. मग चालते.

ओरिन : गोळी तीच?

हॉलिस : तीच.

ओरिन : चाप?

हॉलिस : तोच.

ओरिन : दर वेळी चाप ओढला की सुटणार?

हॉलिस : सुटणार की.

ओरिन : मग बदललं काय?

हॉलिस : तुमचा अंगठा.

ओरिन : आणि परवासारखं अस्वल आलं तर? त्याला सांगू, थांब रे बाबा, अंगठा कायद्यात बसवतो?

व्हर्ना : परवा अस्वल आलं तेव्हा तू चप्पल फेकलीस.

ओरिन : लागली की नाही?

व्हर्ना : मला लागली.

हॉलिस : स्वयंपाकघर अख्खं नेवाडात आहे. तिथे ठेवा ना.

ओरिन : अस्वल पहिलं स्वयंपाकघरातच शिरतं. त्याच्या हाती आयती देऊ?

हॉलिस : मग सगळ्यात सोपं सांगतो. फळी नको, पान्हा नको. तुम्ही दोघं बाजू बदला. काका दाराकडे, काकू खिडकीकडे. रायफल काकांच्या उशाशी, नेवाडात.

व्हर्ना : मला चालेल. खिडकीतून तळं तरी दिसेल.

ओरिन : नाही.

व्हर्ना : अरे, गादी तीच आहे.

ओरिन : नाही म्हणजे नाही.

व्हर्ना : बंदूक हवी, उशाशीच हवी आणि जागा तसूभर सोडायची नाही! लग्न माझ्याशी केलंस की त्या लोखंडाशी? फेब्रुवारीत मी दवाखान्यातून आले तेव्हापासून बघतेय, तुझा हेकटपणा वाढतच चाललाय.

ओरिन : हॉलिस, ने ती.

हॉलिस : काय नेऊ?

ओरिन : बंदूक. ठेव फ्रीजमागे. अस्वल आलं तर आलं.

व्हर्ना : घ्या! इतका वेळ मग डोकं कशाला खाल्लंस?

ओरिन : ती जाऊ दे. मी ही बाजू सोडणार नाही.

व्हर्ना : पण आहे काय त्या बाजूला? खिडकीतून वारा येतो म्हणून रोज कुरकुरतोस.

ओरिन : माझा डावा कान गेलाय.

व्हर्ना : काय?

ओरिन : खाणीत असतानाच कमी झाला होता. आता पार बंद. इकडे झोपलो की तू उजव्या कानाशी येतेस. तिकडे गेलो तर डाव्या.

व्हर्ना : आलं लक्षात. पण झोपेत मी कुठे बोलते तुझ्याशी?

ओरिन : बोलत नाहीस गं. डॉक्टर म्हणाला होता, हृदयाचा झटका पुन्हा झोपेतही येऊ शकतो, आणि तिला कळणारसुद्धा नाही. म्हणून ऐकत पडतो. श्वास चालू आहे ना, तेवढंच.

हॉलिस : मी... मी जरा बाहेरच्या खुणा बघून येतो.

(दार लोटल्याचा आवाज.)

व्हर्ना : रोज?

ओरिन : रात्रभर नाही काही. पहाटे तू घोरायला लागतेस. मग मला डोळा लागतो.

व्हर्ना : फेब्रुवारीपासून?

ओरिन : तू कशाला डोळ्यात पाणी आणतेस? डॉक्टरने तेही करू नको म्हणून सांगितलंय.

व्हर्ना : बूट काढ. आडवा हो.

ओरिन : आत्ता? सकाळचे दहा वाजलेत.

व्हर्ना : वाजू देत. तू झोप. मी ऐकते.