परताव्याचं दूध

आधी ह्यो ग्लास घ्या पावणं, मागनं बोला — न्हाय न्हाय, दम खावा, मला ठाऊक हाय तुमी कशापायी आलाईसा. पानवाल्याकडं इचारत हुतासा न्हवं, ज्ञानू पैलवान कुठं ऱ्हातो म्हणून? मग. मी जोतीराम, त्याचा बा. ह्या घरापुढच्या कट्ट्यावर दूध प्यायला येणारा आधी म्हशीकडं बघतो, आन तुमच्यागत लोक आधी माझ्या तोंडाकडं बघत्यात. प्या की. आत्ताच काढलंय, फेस हाय तवर प्या. त्या कुस्तीच्या गेमचं पैसं काय माझ्याच्यानं परत हुणार न्हाईत, पर दूध घरचं हाय. जो येतोय त्याला ग्लास देतो. कळंब्यासनं दोघं गाडीवर आलती, शिव्या देतच आलती, पिऊन गेली गप. तुमी कुठलं? — हुपरी? बघा, हुपरीपतोर गेलं म्हणायचं.

आता तुमी म्हणशीला, गेम कंपनीचा, तर बापानं दूध का वाटायचं? मी बी त्येच म्हणतो. पर कंपनी बसती कुठं? फोन लावला की बाई बोलती — एक दाबा, दोन दाबा. दाबत बसा. दोन तासाच्या वर खेळलाईसा तर पैसं परत न्हाय म्हणती, आन गेममधी आखाडा उघडायलाच तीन तास लागत्यात! आन उघडल्यावर आत काय? निळी मॅट. जाहिरातीत लाल माती, हलगी, फेटंवाली माणसं, मधी आमचा ज्ञानू शड्डू ठोकतोय, ढाक लावतोय — खाली लिवलंय, ‘गेममध्ये हेच दिसेल’ — आन गेममधी दोन बाहुली एकमेकास्नी ढकलत्यात. ज्ञानू न्हाय, माती न्हाय, काय न्हाय. लोकांनी ज्ञानूकडं बघून घेतलंता, आपल्या कोल्हापूरचं पोरगं हाय म्हणून घेतलंता. कंपनीचं तोंड कुणी बघितलंय? ज्ञानूचं बघितलंय. मग लोक इथंच येणार की.

त्याला ठाऊक हुतं का? इचारा, समदी इचारत्यात. न्हवतं हो. आईशप्पत न्हवतं. पुण्याला नेलं त्याला, मागं हिरवं कापड लावलं, खाली कसली तरी रंगवलेली भुकटी पसरली — आन ह्यो अडून बसला. म्हणाला, ह्या भुकटीत मी लंगोट लावणार न्हाय. मग? मग हिथनं तालमीतली माती नेली त्यानं, टेम्पो करून. हळद, ताक, लिंबू, कापूर घालून मळलेली माती. वस्तादांस्नी म्हणाला, आपली तालीम जगभर दिसंल. वस्तादांनी बी नारळ फोडून दिली. लई खरं दिसलं हो त्येच्यामुळं. त्यो जर अडला नसता, तर ती जाहिरात बघून एक माणूस फसला नसता.

मग गेम आला आन बोंब उठली. वस्ताद काय वरडलं न्हाईत, वरडायला पायजे हुतं. नुस्तं म्हणालं, ती माती परत आण, मग आखाड्यात उतर. कुठनं आणायची? कंपनीवाल्यांनी कवाच झाडून टाकली म्हणं, तिथल्या कचऱ्यात. आन त्येच्या आधी निपाणीकडच्या मैदानात काय झालं — ज्ञानूचं नाव पुकारलं, आन एकानं मागनं आरोळी दिली, ‘पैसे परत!’ मग अख्खं मैदान. म्हातारी माणसं बी हसत हुती. समोरचा पैलवान हात मिळवायला आला आन ह्यो कुस्ती न खेळताच उठून आला घरला. पाठीला माती लागली तर पैलवान उद्या उठून परत जोर मारतोय, पर ह्येच्यावर काय करायचं? तवापास्नं घरात हाय. मांड्या उतरल्यात त्येच्या. जोर न्हाय, बैठक न्हाय, आईनं वाढलेलं ताट तसंच सरकवतोय. मला लई भ्या वाटतंय पावणं. लोकास्नी दूध वाटतोय आन घरात पोरगं घोट घेत न्हाय.

काय? कसला गेम म्हंजे? — तुमी घेतलाच न्हाय? मग कशाला आलाईसा? यात्रा कमिटी? थांबा थांबा, नीट सांगा — ह्यो नारळ आमंत्रणाचा व्हय? यात्रंच्या कुस्त्या. शेवटची जोड. ज्ञानूची? आमच्या ज्ञानूची? आवं मग आधी बोलायचं न्हाय व्हय! मी आपलं — म्हंजे तुमास्नी ह्यातलं काय ठाऊकच न्हवतं? गेमचं? निपाणीचं?

तसं न्हाय हो. मी आपलं बोलता बोलता वाढवून सांगितलं. मांड्या काय, महिन्यात भरत्यात, दूध घरचं हाय. पब्लिक काय, आज हसतंय उद्या फेटा बांधतंय. वस्तादांचं बी मी बघतो, पाय धरतो त्यांचं. बसा की. हाक मारतो त्याला — ज्ञानू! ए ज्ञानू, भाईर ये, बघ कोण आलंय! — नारळ पिशवीत कशाला घालताय परत? दोघात इचारून सांगतो म्हंजे? तुमीच कमिटी न्हवं? निस्ता बघा तरी त्याला.

बरं.

पैसं कशाला काढताय? ऱ्हावू द्या. दुधाचं पैसं घेत न्हाय म्हणतोय न्हवं मी — बरं ठेवा, तिथं कट्ट्यावर ठेवा. जावा सावकाश.

कोण न्हाय रे ज्ञानू. गिऱ्हाईक हुतं. जा तू आत.