कातर विमानात चालते का

नाय नाय, म्याडम, ते रंगीत पुस्तक ठेवा तिकडंच. तळं, डोंगर, घोडे — मला काय करायचंय घोड्यांचं? मला एवढंच सांगा, किरगिझस्तानात माणसाला धोका हाय का नाय. व्हय का नाय, बस. तसं एका शब्दात सांगता येत नाय? आता बगा! तुमच्या आधी दोन हाफिसं फिरून आलो मी. क्रांती चौकातला म्हणला, काका, डोळे झाकून जा. उस्मानपुऱ्यातला म्हणला, एकटे जाऊच नका, आमच्या पंचवीस जणांच्या टूरमधी चला. म्हंजे धोका त्याच्या टूरबगर हाय, टूरमधी नाय! आन डोळे झाकून जा म्हणणाऱ्याचा तर मला पयला संशय येतो. मी चितेगावला एका कंपनीच्या गेटवर बारा वर्षं पिशव्या तपासतो, म्याडम. जो माणूस आपणहून पिशवी उघडून दाखवतो ना, त्याचाच डबा उघडून बघायचा असतो. तुम्ही निदान विचारात पडल्या, म्हून बसलो इथं.

सांगा, सांगा, लिहून घेतो. पासपोर्टच्या झेरॉक्सा वेगळ्या ठेवायच्या — बरं. टॅक्सी रस्त्यावर हात करून धरायची नाय. अंधार पडल्यावर फिरायचं नाय. गर्दीत, भांडणात थांबायचं नाय. वकिलातीचा नंबर खिशात. आवो म्याडम, हे तर आमच्या बिडकीनच्या बाजारालाबी लागू हाय, फक्त वकिलातीचं सोडून! दिल्लीवरनं बिश्केक, बिश्केकवरनं ओश — हां, ओशलाच जायचंय. ते कसं म्हाईत मला? पोरगी हाय ना तिथं. अक्षदा. डाक्टरकीचं पाचवं वर्ष. आमच्या अख्ख्या वाडीत मेंढरामागनं उठून विमानात बसलेली पयली पोरगी, म्याडम. ती गेली तवा कडुबानं, माझ्या भावानं, मेंढरांच्या शिंगांना गुलाल लावला व्हता, काय सांगू तुम्हाला.

मंग तिलाच कामून इचारत नाय, असंच म्हणायचं ना तुम्हाला? तोंडावर दिसतंय तुमच्या. इचारलं ना! चारदा इचारलं, येऊ का म्हणून. थंडीत म्हणली, आबा, बर्फ लई हाय, हाडं गोठतील. उन्हाळ्यात म्हणली, घाट बंद हाय. विमानानं येणाराला घाटाचं काय? मंग म्हणली, परीक्षा हाय. आन आता म्हणती, इथं परदेशी माणसाला धोका हाय, नका येऊ. आता गंमत बगा. मागं तिकडं हॉस्टेलात घुसून पोरांना मारलं, टीव्हीवर दाखवलं, तवा माझा जीव टांगणीला. म्हणलं ये घरी, खड्ड्यात गेली डाक्टरकी. तर ही म्हणली, काय नाय आबा, ते बिश्केकला, आमच्याकडं समदं शांत. म्हंजे दंगा व्हता तवा धोका नव्हता, आन दंगा मिटल्यावर धोका आला? आन तोबी तिला नाय, फक्त तिच्या बापाला? मी काय दूधपिता हाय का?

पाणी नको. बसा तुम्ही.

पयले ती फोनच्या व्हिडिओत फिरून फिरून दाखवायची — ही खोली, ही खिडकी, हे बाजारातलं मेंढरू बगा आबा, ह्याची शेपटी केवढी चरबीची. दीड वर्ष झालं, नुस्ती भिंत. भिंतीसमोर बसती आन बोलती. हालत नाय. मी बारा वर्षं माणसं बघतोय म्याडम, जो एका जागी इतका नीट उभा राहतो त्याच्या पाठीमागं काय तरी असतं. एकदा मागनं रडणं ऐकू आलं. बारकं. बानाबाई, माझी बायको, शेजारी बसलेली, लगीच म्हणली, टीव्ही हाय. तिला काय म्हाईत ओशच्या टीव्हीवर काय लागलंय?

मंग दिवाळीत सिल्लोडची एक पोरगी सुट्टीवरून माघारी ओशला चालली व्हती, तिच्या बरूबर बानाबाईनं डबा दिला. चिवडा हाय म्हणली, शंकरपाळे हायेत. बायको न्हायाला गेली आन मी पिशवी उघडली. सवय हो, काय करता. वर चिवडा. त्याच्याखाली डिंकाचे लाडू. त्याच्याखाली बाळंतशेपा, पुडीत बांधून. आन तळाला एक कुंची — एवढीशी, माझ्या मुठीत मावंल एवढी. माझ्याच जुन्या फेट्याची शिवलेली, म्याडम. लाल फेटा. मी समदं जसंच्या तसं घडी घालून ठिवलं, गाठबी तशीच मारली. बायकोला आजवर बोललो नाय. गेटवर चोर सापडला की मी पयले गप बसतो. गडबड केली की मागचा पळतो.

पोरीला सांगितलंय का मी येतोय? कसं सांगणार? आधी कळवून कुणी तपासणी करतं का? तुमचा तो फारम भरायचा तर पत्ता पायजे म्हणल्या व्हत्या ना, हा घ्या. डब्यावरनं एस्टीच्या तिकिटामागं उतरून घेतलाय. हॉस्टेलचा नाय हा, कुण्या घराचा हाय. तिचा त्यो कोण हाय मला म्हाईत नाय. तिकडचा असंल, नायतर आपलाच कुणी असंल, कुठल्या जातीचा, कुठल्या धर्माचा, काऽय म्हाईत नाय. सरळ दारात जाऊन उभा राहणार मी. हां, आन एक राहिलं — कातर विमानात चालते का? थांबा, दाखवतो. ही. लोखंडी हाय, हातभर, माझ्या आज्याची. धार बगा, अजून —

लिहिता लिहिता थांबल्या कामून तुम्ही?

पत्ता वाचता येत नाय का? मंग त्या फोनवर हात कामून गेला? — आस्सं. आस्सं म्हणा की. तुम्हाला वाटलं मी ही घेऊन... अरे देवा. म्याडम, मेंढरं कातरायची कातर हाय ही! ह्या थैलीत दुसरं काय हाय ते तरी बगा. हात लावा, लावा. जावळाची घोंगडी हाय. कोकराची पयली लोकर कातरतेत ना, त्याला जावळ म्हणतो आम्ही, त्याच्यापरीस मऊ काय नसतं दुनियेत. पाच वर्षं साठवली तवा एवढं बारकं बसकर झालं. आमच्या घरात लेकराला ह्याच्यावर बसवतेत आन त्याच्या जावळाची पयली बट ह्याच कातरीनं कापतेत. माझी कापली, अक्षदाची कापली. लेकरू मामाच्या मांडीवर बसतं. तिला भाऊ नाय, म्हून म्हणलं आज्यानंच... एवढंच व्हतं वो माझ्या मनात. एवढंच व्हतं.

पण तुम्ही भिल्या. तुम्ही मला वळखत नाय, म्हून भिल्या, ठीक हाय. ती तर वळखती. वळखती, म्हून जास्त भिती का? — बोलू नका, बोलू नका, मला सांगू द्या. कडुबाची एक पोरगी व्हती, रत्नमाला. हाय, जिती हाय. तिनं मनानं लगीन केलं. वरसाभरानं आली दारात, काखंत लेकरू, उन्हाचं पायी चालत. कडुबा उठला व्हता तिला घ्यायाला. सख्खा बाप उठला व्हता. मी आडवा झालो. म्हणलं, ह्या दारातनं ही आत आली तर तंगडं तोडीन, आन दार लावलं. मीच. आमची अक्षदा तवा बारावीला. तिनं पाण्याचा तांब्या भरून आणला व्हता रत्नमालेसाठी. दार लागल्यावर ती तांब्या घेऊन तिथंच उभी. माझ्याकडं बघितलं तिनं. तांब्या माघारी घेऊन गेली. मला वाटलं, गेली, इसरली.

म्हंजे धोका हाय म्हणती ते खोटं नाय म्हणती. धोका हाय ना. माझाच हाय. आन मी शहाणा अख्ख्या औरंगाबादेत इचारत फिरतोय.

नाय, तिकीट आता काढू नका. आधी फोन लावा. माझ्यावरनं नको, माझा नंबर दिसला की ती भिंतीसमोर जाऊन बसंल. तुमच्या हाफिसातल्या फोनवरनं लावा, बाईमाणसाचा आवाज ऐकून बोलंल. हा घ्या नंबर. कातर इथंच राहू द्या तुमच्या टेबलावर, मी नेत नाय ती. घोंगडी तेवढी पोस्टानं जाते का ते बघू मंग. तिला म्हणा, मुंजाबा नावाचा एक म्हातारा आलाय, त्याला समदं म्हाईत हाय. नाय, तसं नका म्हणू, घाबरंल. नुस्तं इचारा तिला, इचारा — पोरी, बाप दारात आला तर त्याला तांब्याभर पाणी देशील का?

लावा. मी भायेर पायरीवर बसतो. नको, दार लावून घ्या.