वेशीपर्यंतची धून

एकसष्ट साली मूर्तिजापूर स्टेशनात तिकिटाच्या रांगेत माझ्यापुढे दोघे उभे होते. बँडवाल्या श्रावण मास्तरांच्या बगलेत क्लॅरोनेटची पेटी होती. गोवर्धनभाऊ पोरीच्या लग्नाचा बँड ठरवत होते.

“मास्तर, पाठवणीची धून जरा जल्दी वाजवजा. वऱ्हाडाले चारची गाडी गाठाची हाये.”

“दोन मिनिटाची तं धून हाये, भाऊ. बैलगाडी मांडवापासून वेशीपर्यंत जाते, तवा संपते.”

“पन बाया भारी रडतात. वरच्या पट्टीत, झपझप वाजवली तं?”

“तशी एकडाव वाजवली. नेहमीची काळी एकची पट्टी सोडून वरची पांढरी चार धरली, अन् ठेका दुप्पट केला.”

“कोनाच्या लग्नात?”

“माह्या मैनाच्या. बिनमायची पोर, म्हटलं रडत जाऊ नये.”

“मंग? रडली?”

“नाई. हासत गेली. गाडीतून हात हालवून राहिली होती.”

“मंग चांगलंच झालं ना!”

“माहे दोनी हात क्लॅरोनेटवर. मी थांबलो असतो तं अख्खा बँड थांबला असता. बैलंबी त्या ठेक्यावर पळाले. धून संपली, तं वेशीवर नुसता फुफाटा.”

“आता घरी कोन हाये?”

“कोनी नाई. सांजेले एकलाच तीच वाजवत बसतो, काळी एकमधी. इतकी हळू वाजवतो, का बैलगाडी वेशीपाशी पोचतच नाई.”

गोवर्धनभाऊ रांग विसरून मास्तरांच्या बगलेतल्या पेटीकडे पाहत राहिले.

“खिडकी उघडली, भाऊ. सरका पुढं.”

“मास्तर, माह्या पोरीच्या येळेस तेवढीच हळू वाजवजा. चारची गाडी चुकली तं चुकू द्या.”