तणस भरलेला स्पीकर

मिक्सर घेऊन ताटकळत बसलेल्या योगेश्वरीचा नंबर आता लागणारच, तोच मुर्री गावच्या निर्मलाबाई मध्ये घुसून दुर्गेश मेकॅनिकसमोर उभ्या राहिल्या. योगेश्वरीच्या कपाळाला आठी पडली.

“हे घे भाऊ. घरच्या धानाचे पोहे होत.”

“कायले आनलं, मावशी? काकाचा नवा अ‍ॅम्प्लिफायर चालते ना बराबर?”

“चालते ना! पहिलेचा तं घडीघडी गरम होऊन बंद पडे.”

“पडनच. काकानं घरी बनवलेले स्पीकर भारी, अना मशीन बारकी. गोऱ्ह्याले भरली बैलबंडी जुपल्यावानी. म्हनून त्या स्पीकरले झेपन असाच देल्लो.”

“अना स्पीकरच्या डब्यात तनस भरून होती, ते?”

“तशीच ठेवलो. तिच्यानं बेस डब्यात घुमत नाही, साफ येते.”

“मी म्हनो, म्हातारा येडा झाला, गाईचा चारा स्पीकरले चारते!”

“आवाज कमी ठेवजा पन. काकाचे कान खराब होतीन.”

“कान तं कवाचेच गेले, बापू. दंडारीच्या खेळात ढोलकी वाजवे, तेही सुटली.”

योगेश्वरीनं पुढे केलेला मिक्सर परत मांडीवर घेतला.

“मंग गाने कोन ऐकते, मावशी?” दुर्गेशनं विचारलं.

“म्हाताराच. डब्यावर पंजा ठेवून बसते. काल बोटानं ठेका धरला.”

“खरंच?”

“मी सैपाकाले उठली, गानं बंद केलं. तं माह्यावर खेकसते, ‘काऊन बंद केलं? ऐकून राह्यलो ना मी!’”