दहाला अकरा

वाळू देणाऱ्या आणि त्या वाळूतून वाट काढणारी माणसंही देणाऱ्या परमेश्वराची स्तुती असो. आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आमच्या टोळीचे वडीलधारे शेख हमद बिन मुहैल, व्यासपीठावर बसलेल्या आपल्या दवाखान्याच्या मुख्य डॉक्टर अज्जाबाई, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो ते सत्कारमूर्ती मुसल्लम बिन अयद, पडद्यापलीकडच्या माता-भगिनी, आणि चपला बाहेर काढून वाळू मात्र आत घेऊन आलेले माझे समस्त खुवैराकर बंधूहो!

मी खलफान बिन सुवैद, चाकं-टायरवाला. माझं निम्मं आयुष्य गाडीखाली उताणं पडून गेलं, त्यामुळे असं उभं राहून, स्वच्छ, पायघोळ दिशदाशा अंगात घालून बोलायची सवय नाही. शेखसाहेबांना मी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "अरे, मुसल्लमची गाडी तेहतीस वर्षं तुझ्या बापाने आणि तू पायावर उभी ठेवलीत, मग बोलणार कोण, उंट?" म्हणून उभा राहिलोय.

मुसल्लमकाकांबद्दल आतापर्यंत चार वक्ते बोलले. दवाखान्याची गाडी, तेहतीस वर्षं, एकही अपघात नाही. वाळूतल्या तंबूंवर औषधं पोचवली, नर्सबाई पोचवल्या, बाळंतिणी आणल्या. हे सगळं खरं आहे. मी आणखी एक सांगतो. लहानपणी मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. जिथे तंबू असायला हवा होता तिथे नुसती वाळू. काका खाली उतरले, शेळीच्या चार लेंड्या हातात घेऊन बोटांनी चुरल्या आणि म्हणाले, "काल दुपारी हललेत. पाण्याच्या बाजूला गेले असतील." अर्ध्या तासात आम्ही त्या तंबूत बसून खजूर खात होतो. हा माणूस वाळू वाचायचा हो! आपण वर्तमानपत्र वाचतो तशी.

मी हेच सांगून, दोन शब्द गोड बोलून खाली बसणार होतो. कागदावरही तेवढंच लिहिलंय. पण मघाशी आपले सूत्रसंचालक, हिलाल मास्तर, काका आत येताना काय म्हणाले ते तुम्ही ऐकलंत. "बघा मंडळी, काकांनी आज सभागृह न चुकता शोधून काढलं!" सगळे हसलात. काकाही हसले. आणि मीही हसलो.

मास्तर, तुमच्यावर राग नाही. बारा वर्षं हा विनोद गावात चाललाय. लग्नात काका ताटावरून उठले की कोणीतरी म्हणतंच, "काका, हात धुवायची जागा उजवीकडे, चाळीस किलोमीटरवर नाही!" मी प्रत्येक वेळी हसलोय. पण आज मास्तरांबरोबर हसताना माझी मलाच लाज वाटली. इतकी वाटली की हा कागद मी आता खिशात ठेवतोय. शेखसाहेब, मला खुणा करू नका. मी वेळ घेणार आहे.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. दवाखान्याच्या गाडीचे टायर गुळगुळीत झाले होते आणि त्या मापाचे टायर माझ्याकडे नव्हते. माझ्याकडे होते ते मोठे. टेकड्या चढायच्या शर्यतीसाठी पोरं बसवतात ना, तसे. मी म्हटलं, काका, तात्पुरते हे बसवू. वाळूत तरंगेल गाडी! मोठं चाक बसवायचं म्हणजे नुसते नट आवळून होत नाही. चाक वळताना आतल्या पत्र्याला घासतं, तो कापावा लागतो. तो मी कापला. आणि दुसरं एक काम असतं, ते सगळ्यात महत्त्वाचं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मीटरला जमीन दिसत नाही. तो फक्त चाकाचे फेरे मोजतो. चाक मोठं झालं की एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते, पण मीटर बिचारा जुन्याच हिशेबात असतो. त्या चाकांना मीटरवर दहा दिसले की गाडी अकरा गेलेली असायची. मग गिअरबॉक्समधलं एक छोटं दातेरी चाक बदलायचं. ते नसेल तर माझे वडील एक चिठ्ठी लिहून मीटरखाली चिकटवायचे, "दहाला अकरा". चिठ्ठी लावल्याशिवाय ते किल्ली देत नसत. कारण आपल्याकडे वाटा कशा सांगतात? पाण्याच्या टाकीपासून इतके किलोमीटर सरळ, मग डावीकडे. पाटी नाही, खांब नाही. आकडा हीच आपली पाटी.

त्या दिवशी दुकानात माझे मित्र जमले होते. गाडी उंच, रुबाबदार दिसत होती. सगळे वाहवा करत होते आणि मी फुगलो होतो. काकांनी किल्ली घेताना विचारलं, "मीटरचं बघितलंस ना रे?" मी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. म्हटलं, "हो हो काका, झालंय सगळं."

विचारलं होतं त्यांनी. हे नीट ऐका. हा माणूस विसरला नव्हता.

तिसऱ्या दिवशी धुळीचा वारा सुटला. तुम्हाला आठवत असेल, भर दुपारी दिवे लावले होते. तेवढ्यात तंबूवरून फोन आला. सलूमा आजीच्या हाताला फुरसं चावलं होतं. टाकीपासून सरळ दक्षिणेला चाळीस, मग डावीकडे टेकडी ओलांडायची. काका आणि नर्सबाई निघाले. एरवी काका मीटरकडे ढुंकूनही बघत नसत. पण त्या दिवशी गाडीचं नाक दिसत नव्हतं. टेकड्या नाहीत, झाडं नाहीत, सूर्य नाही. मीटरशिवाय होतं काय त्यांच्याकडे? मीटरवर बरोबर चाळीस झाले तिथे ते वळले. आणि खरे झाले होते चव्वेचाळीस.

चार किलोमीटर पुढच्या घळीत उतरले ते. तिथे कोणी नव्हतं. पुढे गेले, मागे आले, हॉर्न वाजवला, उतरून हाका मारल्या. पाच तास लागले तंबू सापडायला. सलूमा आजी वाचली, अल्लाची मेहेरबानी. पण तिची दोन बोटं गेली. आजी पडद्यापलीकडे बसली आहे. आजी, ती बोटं माझ्यामुळे गेली. तुझ्यासमोर कधीतरी यायलाच हवं होतं, आलो नाही.

दुसऱ्या दिवशी काकांनी दवाखान्यात जाऊन किल्ली टेबलावर ठेवली. म्हणाले, "माझी नजर गेली. वाळूत आता दुसऱ्याला पाठवा." त्यानंतर बारा वर्षं हा माणूस डांबरी रस्त्यावरून औषधांची खोकी आणत राहिला. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेतला हो. माझ्या शब्दावर घेतला नाही.

आणि मी? मला शंका आली होती. ती गाडी घेऊन मी डांबरी रस्त्यावर गेलो आणि बाजूचे किलोमीटरचे दगड मोजत गेलो. अकरा दगड झाले तेव्हा मीटरवर दहा होते. मी तिथेच रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून बसलो. नंतर जुन्या मापाचे टायर आले. दुपारी सगळं गाव झोपलेलं असताना मी चाकं बदलून टाकली. कोणी विचारलं तर सांगायचं ठरवलं होतं की मोठी चाकं पेट्रोल फार पितात. कोणी विचारलंच नाही.

नाही, एकीने विचारलं. झुवैनाकाकू आल्या दुकानात. काकांच्या घरच्या. मी टायरला ठिगळ लावत होतो. त्या उभ्यानेच म्हणाल्या, "खलफान, खरं सांग, गाडीत काही बिघाड होता का? माझा माणूस वाट चुकत नाही."

मी म्हटलं, "काकू, गाडी ठणठणीत होती. आता वय झालं ना काकांचं."

"वय झालं?" त्या म्हणाल्या. "काल अंधारात अंगणात पडलेली माझी सुई शोधून दिली त्यांनी."

मी मान खाली घालून ठिगळ घासत राहिलो. त्या जायला वळल्या. मग म्हणाल्या, "बरं बाबा, तू म्हणतोस तर तसं असेल." आणि गेल्या. काकू वारल्या त्याला आता पाच वर्षं झाली. त्यांच्या जनाज्याला मी खांदा दिला. तेव्हाही तोंड उघडलं नाही.

का नाही उघडलं? सुरुवातीला धंद्याची भीती होती. कोण टायर बसवून घेईल माझ्याकडे? मग वाटलं, लोक विसरतील. लोक विसरले नाहीत, त्यांनी विनोद केला. मग त्या विनोदात मीही सामील झालो, कारण न हसणारा माणूस उठून दिसतो. इतकं हलकट कारण होतं. याहून मोठं काही नव्हतं.

काका, तुमची नजर गेली नव्हती. सांगितलेल्या आकड्यावर तुम्ही अचूक वळलात. आकडा खोटा होता आणि तो मी तुमच्या हातात दिला होता. तुमच्या तेहतीस वर्षांतली शेवटची बारा मी खाल्ली. आज तुम्हाला शाल आणि खंजीर देताना गावाने हे ठाऊक असूनच द्यावं, म्हणून...

थांबा, काका काहीतरी म्हणताहेत. उठू नका काका, मी येतो तिकडे. काय म्हणालात?

हो. हो काका.

मंडळी, काका विचारताहेत, चाळीसचे चव्वेचाळीस झाले हे नक्की ना? नक्की, काका. दगड मोजून सांगतोय. हो, डावीकडची घळ तुम्ही म्हणता तीच होती. हो, त्याच दिवशी परत येताना तुम्हाला वाटलं होतं की मीटरच्या मानाने टाकी फार लवकर आली. बरोबर वाटलं होतं तुम्हाला.

काय? पुन्हा?

काका म्हणतात, मागच्या रांगेत त्यांचे तिघे मुलगे बसलेत. वाट चुकणाऱ्याची पोरं म्हणून बारा वर्षं कोणी त्या तिघांना वाट विचारली नाही की वाट दाखवायला गाडीच्या पुढच्या बाकावर बसवलं नाही. ते म्हणतात, "त्यांच्यापर्यंत आवाज गेला नाही. पुन्हा सांग. मोठ्याने सांग."

सांगतो.

तुमचे वडील वाट चुकले नव्हते. खलफान चुकला, आणि नंतर खोटं बोलला.

काकांनी मला माफ केलं का, ते मला ठाऊक नाही. ते माझ्याकडे बघत नाहीत, मागे मुलांकडे बघताहेत. मी विचारणारही नाही. शेखसाहेब, डॉक्टरबाई, तुम्ही मला बोलू दिलंत, तुमचे आभार. बोलण्याच्या ओघात कोणाचा मान राखायचा राहिला असेल, शब्द वेडावाकडा गेला असेल, तर तेवढ्यापुरतं सभागृहाने मला सांभाळून घ्यावं. आता सत्काराची शाल काकांच्या खांद्यावर त्यांच्या थोरल्या मुलाने घालावी, एवढी विनंती करतो आणि खाली बसतो.