लुगड्यातल्या गाठी

चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. भंडाऱ्यात डोळ्याच्या दवाखान्यात शकुंतलाबाई बाकावर डोळे मिटून बसली होती. बाहुली मोठी व्हायचे थेंब घातले होते, तासभर उघडायची सोय नव्हती. शेजारी आंधळगावचं विणकर जोडपं येऊन टेकलं. तिनं त्यांना पाहिलं नाही, ऐकलं तेवढं. आधी नवरा बोलला.

“नागपूरले जा म्हणते डॉक्टर. साखरेनं डोळ्याच्या पडद्यावर रक्त उतरून राहिलं म्हणे. दुखत नाही, खुपत नाही, त बिमारी कायची?”

“दुखत नाही म्हणूनच समजत नाही, म्हणाले ते. तिथं मशीनीच्या उजेडानं डागतात. आहे तेवढी नजर तरी टिकन.”

“माह्या नजरेले काय झालं? परवाच मागावरून लुगडं उतरवलं. एक तरी तार सुटली काय?”

“नाही सुटली.”

“मंग?”

“तुम्ही जेवाले उठता नं, तवा मी मागावर बसते. तुटलेल्या तारा मी सांधते. दोन साल झाले.”

“मले मालूम आहे.”

“कसं? दिसत होतं तुमाले?”

“दिसलं असतं त तुले बसा लागलं असतं काय? तुह्या गाठी हाताले लागतात. मी मोजत होतो. पयले लुगड्याले दोन-तीन राहत. या बारीले चाळीस होत्या.”

“बेचाळीस होत्या.”

“नागपूरची यष्टी किती वाजता आहे?”